कुठे उतरणार?

सकाळी पनवेलहून आलेली लोकल ठाण्याला धड थांबायच्या आतच बायका आत शिरलेल्या असतात. उतरणाऱ्या आणि चढणाऱ्या खांद्यांनी एकमेकींना वाट करून देतात, पर्सचे बंद अडकतात, कुणाची ओढणी खेचली जाते आणि बघता बघता लेडीज डबा भरून मोकळा होतो. खिडकी, तिच्या शेजारची, तिसरी आणि टोकाला अर्धं बूड टेकवायची चौथी. ज्यांना मिळाली त्या बसतात, बाकीच्या दोन बाकांच्या मधल्या जागेत शिरतात. गाडी अजून सुटलेलीही नसते, आणि उभ्या असलेल्यांपैकी कुणीतरी समोरच्या बाईला विचारते, "कुठे उतरणार?"

"घणसोली."

"कुणाला दिलीय?"

"हो, या निळ्या ड्रेसवाल्या आहेत ना, त्यांना."

मग ती निळ्या ड्रेसवालीकडे वळते. "तुम्ही कुठे उतरणार?"

"तुर्भे."

"मग तुमच्यानंतर मी."

निळ्या ड्रेसवालीने मान हलवली की झालं. जी सीट अजून तिला स्वतःलाच मिळालेली नाही, ती तिने तिसरीला देऊन टाकलेली असते. या व्यवहाराला चिठ्ठी नाही, नंबर नाही, एकीला दुसरीचं नावही ठाऊक नाही. तरी घणसोली आली की पहिली उठते, निळा ड्रेस बसतो, आणि मध्ये कितीही गर्दी घुसली तरी तुर्भ्याला ती सीट बरोबर त्या तिसरीच्याच हातात पडते.

मी २००६ पासून ठाणे-नेरूळ करते. ट्रान्स हार्बर, म्हणजे ठाण्याहून नवी मुंबईला जाणारी ही लोकलची लाइन, त्याआधी दोनच वर्षं, २००४ च्या नोव्हेंबरात, प्रवाशांसाठी सुरू झाली होती. म्हणजे मी आले तेव्हा ही लाइनच नवी होती, पण ही रीत मात्र मुरलेली होती. मध्य आणि हार्बरवर वर्षानुवर्षं प्रवास केलेल्या बायकांनी ती डब्यासोबत, पोळीभाजीसोबत इकडे आणली असणार. रेल्वेच्या कुठल्याही नियमात ती नाही. तरी पहिल्याच आठवड्यात मला ती शिकावी लागली. समोरची बाई रबाळ्याला उठली, सीट रिकामी दिसली, मी बसले. कुणी ओरडलं नाही. शेजारच्या बाईंनी, पन्नाशीच्या असतील, माझ्या गुडघ्यावर हात ठेवला आणि म्हणाल्या, "अगं, ती यांना सांगितलेली आहे." मी उठले. मग त्यांनीच विचारलं, "तू कुठे उतरणार?" नेरूळ म्हटल्यावर त्यांनी डोक्यातल्या डोक्यात काही जुळवलं आणि समोरच्या बाकावरच्या एका मुलीकडे बोट दाखवलं. "तिला विचार, ती कोपरखैरणे आहे." अर्ध्या मिनिटात मी त्या डब्याची झाले. तो हात मला अजून आठवतो. दटावण्याचा नव्हता तो, सांगण्याचा होता.

हे कुणी ठरवलं, हा प्रश्न मला अनेक वर्षं पडला आहे. एकीने कुणीतरी पहिल्यांदा विचारलं असणार, दुसरीने उत्तर दिलं असणार, तिसरीने ऐकलं असणार. पण त्या पहिल्या बाईच्या मनात काही व्यवस्था वगैरे नव्हती. तिचे पाय दुखत होते. ती फक्त स्वतःपुरतं बघत होती, आणि तिच्यासारख्या हजारो जणी स्वतःपुरतं बघता बघता, एकमेकींना उत्तरं देता देता, असं काही घडवून बसल्या की ज्याचा पूर्ण आराखडा कुणा एकीच्या डोक्यात आजही नाही. मला फक्त माझ्या कप्प्यातल्या सात-आठ जणींचं माहीत असतं. दाराजवळ काय चाललंय, पलीकडच्या बाकांवर कोण कुठे उतरणार, मला पत्ता नसतो. तरी अख्खा डबा शिस्तीत असतो.

या सात-आठवरून एक सांगते. हिवाळ्यात ऐरोलीच्या खाडीकडे संध्याकाळी गेलं तर कधी कधी भोरड्यांचा थवा दिसतो. पुस्तकांत त्यांना गुलाबी मैना म्हणतात. मावळतीच्या आधी खारफुटीवर हजारो पक्षी एकदम उठतात, एकदम वळतात, थवा मध्येच दाट काळा होतो, मग विरळ होतो, जणू कुणी चादर झटकतंय. लहानपणी मला वाटायचं, यांचा एक म्होरक्या असेल, तो शीळ घालत असेल. म्होरक्या नसतो. १९८६ मध्ये क्रेग रेनॉल्ड्स या अमेरिकी संगणकतज्ज्ञाने पडद्यावर खोटे पक्षी उडवून दाखवले. प्रत्येकाला त्याने तीनच गोष्टी शिकवल्या होत्या: शेजाऱ्यावर आदळायचं नाही, शेजारी ज्या दिशेला आणि ज्या वेगाने जातोय तसं जायचं, आणि शेजाऱ्यांपासून फार लांब राहायचं नाही. थव्याबद्दल त्यात एक अक्षर नव्हतं. पडद्यावर थवा उडाला.

खऱ्या पक्ष्यांकडे बघितलं ते रोमच्या लोकांनी. रोमचं मोठं रेल्वे स्टेशन आहे, टेर्मिनी. त्याच्या आसपासच्या झाडांवर हिवाळ्यात आपल्या भोरडीची चुलत बहीण शोभावी अशी मैना रात्रीच्या मुक्कामाला येते. तिथल्या भौतिकशास्त्रज्ञांनी स्टेशनजवळच्या एका संग्रहालयाच्या गच्चीवर कॅमेरे लावले आणि थव्यातल्या एकेका पक्ष्याची जागा मोजली. २००८ मध्ये त्यांनी मांडलेला निष्कर्ष वाचून मी खूप वेळ गप्प बसले होते. प्रत्येक पक्षी जवळच्या साधारण सहा-सात पक्ष्यांकडे लक्ष ठेवतो. ते हातभर अंतरावर असोत की चार हातांवर, माणसं मोजावीत तसे सहा-सात. म्हणून तर ससाणा आला आणि थवा ताणला गेला तरी तो तुटत नाही. शेजारी लांब गेला तरी शेजारीच राहतो. या कामात ज्यांचा मोठा वाटा होता त्या जॉर्जिओ पारिसी यांना २०२१ मध्ये, गुंतागुंतीच्या व्यवस्थांवरच्या कामासाठी, भौतिकशास्त्राचं नोबेल मिळालं. स्टेशनासमोरच्या गच्चीवर उभं राहून आभाळाकडे बघणाऱ्या त्या माणसांबद्दल मला फार आपलेपणा वाटतो. खाली हजारो प्रवासी गाड्या पकडायला धावत असणार, आणि वर थवा.

नेरूळला उतरल्यावर माझ्या ऑफिसपर्यंत दोन रस्ते आहेत. एक नकाशातला, काटकोनात वळणारा, दोन्ही बाजूंनी झाडं लावलेला. दुसरा मोकळ्या प्लॉटमधून गेलेली पायवाट. नवी मुंबई हे कागदावर आधी उभं राहिलेलं शहर आहे. १९६५ मध्ये चार्ल्स कोरिया, प्रवीणा मेहता आणि शिरीष पटेल यांनी खाडीपलीकडे नवं शहर वसवायची कल्पना मांडली, १९७० मध्ये ते उभारायला सिडको ही सरकारी कंपनी स्थापन झाली, आणि मग नोड, सेक्टर, प्लॉट अशी आखणी होत गेली. त्या आखणीबद्दल मला आदर आहे. गटारं आणि रूळ आपोआप उगवत नाहीत, आणि डबाच नसता तर डब्यातली रीत कुठून आली असती? पण बाक तिघांचं बांधलेलं असतं, चौथी सीट आपण केलेली असते. पायवाटेचंही तसंच.

ती वाट मी बारकाईने बघितली आहे. स्टेशनकडून तीन दिशांना माणसं जातात: कुणी शाळेकडे, कुणी बाजाराकडे, कुणी आमच्या ऑफिसांकडे. तीन सरळ रेषा पडायला हव्यात. पडलेल्या नाहीत. सगळ्यांची मिळून एक वाट निघते, प्लॉटच्या मध्याच्या जरा पुढे तिला दोन फाटे फुटतात आणि त्यातल्या एकाला पुढे आणखी एक. म्हणजे कुणाचीच वाट अगदी सरळ नाही, प्रत्येक जण चार पावलं जास्त चालतो, कारण तुडवलेल्या गवतावरून चालणं सोपं असतं. जर्मनीत श्टुटगार्टच्या विद्यापीठाच्या आवारात अशाच पायवाटा होत्या, आणि डिर्क हेल्बिंग व त्यांच्या सहकाऱ्यांनी १९९७ मध्ये त्यांचं गणित मांडलं. चालणारा गवत थोडं दाबतो, दाबलेलं गवत पुढच्याला ओढतं, आणि न चाललेल्या जागी गवत पुन्हा वर येतं. हे तिसरं मला सगळ्यात महत्त्वाचं वाटतं. गवत परत उगवलं नसतं तर सगळा प्लॉटच उघडा पडला असता, वाट अशी उरलीच नसती. आमच्याकडे ते काम पावसाळा करतो. श्रावणात वाट गुडघाभर गवतात नाहीशी होते, आम्ही सगळे छत्र्या सांभाळत नकाशातल्या रस्त्याने जातो. दसऱ्याच्या सुमारास कुणीतरी पहिलं पाऊल गवतात टाकतं. दिवाळीपर्यंत वाट परत हजर, गेल्या वर्षीपेक्षा हातभर इकडे किंवा तिकडे.

इतकं लिहिल्यावर कुणालाही वाटेल की आपोआप घडणारं सगळं चांगलंच घडतं. मलाही बरीच वर्षं तसं वाटायचं. घोडबंदर रोडने ते वाटणं घालवलं.

आईबाबा तेव्हा कासारवडवलीला राहायचे. एका रविवारी संध्याकाळी बाबांना दम लागला म्हणून मी त्यांना रिक्षाने दवाखान्यात नेत होते. वाटेत सगळं थांबलं. बाबांचा हात माझ्या हातात, त्यांच्या श्वासाचा आवाज, रिक्षावाला इंजिन बंद करून बाहेर वाकून बघतोय. दहा मीटर पुढे, थांबा. पाच मीटर पुढे, थांबा. मी पुढे झालेल्या अपघाताला, बंद पडलेल्या ट्रकला, खोदणाऱ्यांना मनातल्या मनात शिव्या देत होते. चाळीस मिनिटांनी गाड्या सुटल्या, रिक्षा वेगाने निघाली, आणि मी डोळे फाडून दोन्ही बाजूंना बघत राहिले. काहीच नव्हतं. ना अपघात, ना ट्रक, ना खड्डा. ज्याच्यावर राग काढायचा तोच सापडेना. बाबा त्या वेळी बरे झाले, पण तो रिकामा रस्ता माझ्या डोक्यातून गेला नाही.

पुढे कधीतरी युकी सुगियामा आणि त्यांच्या जपानी सहकाऱ्यांचा प्रयोग वाचनात आला, २००८ मध्ये प्रसिद्ध झालेला. २३० मीटरचा गोल रस्ता, त्यावर २२ गाड्या, सगळ्यांना ताशी ३० किलोमीटरच्या आसपास चालवायला सांगितलेलं. सिग्नल नाही, चौक नाही, अडथळा नाही. थोडा वेळ सगळं सुरळीत चालतं. मग कुणाचा तरी पाय ब्रेकवर किंचित जास्त पडतो, मागचा जरा अधिक दाबतो, त्याच्या मागचा त्याहून अधिक, आणि थोड्याच वेळात काही गाड्या चक्क उभ्या राहतात. पुढच्या सुटतात, मागच्या येऊन अडकतात. गाड्या पुढे जात असतात आणि कोंडी मागे मागे सरकत असते. त्या संध्याकाळी कोंडी आमच्यावरून निघून गेली होती. तिचं मूळ, असलंच तर, एका ब्रेकमध्ये होतं, आणि तो दाबणारा कधीच घरी पोचून चहा पीत असेल. दोष कुणाचाच नाही आणि सहभाग सगळ्यांचा. त्यात आमचा रिक्षावालाही आला. शेजाऱ्याकडे बघून वागायचं, हीच रीत थव्याची आणि हीच कोंडीची.

मग मी आमच्या डब्याकडेही वेगळ्या नजरेने बघू लागले. तिथे ग्रुप असतात. रोजच्या सात-आठ जणी, वाढदिवसाला केक, दसऱ्याला डब्यात आपट्याची पानं, श्रावणात हळदीकुंकू. मी स्वतः अशा एका ग्रुपमध्ये आहे आणि त्या बायकांनी मला आयुष्यातल्या वाईट दिवसांत सांभाळलं आहे. पण ग्रुपची सीट ग्रुपमध्येच फिरते. पहिली उठायच्या आधी आपल्याच दुसरीला सांगून ठेवलेलं असतं. नव्या बाईने विचारलं की उत्तर तयार, "दिलीय." कुणाच्याही मनात वाईट नसतं. थॉमस शेलिंग या अर्थशास्त्रज्ञाने १९७१ मध्ये एक गोष्ट दाखवून दिली होती, तीही बुद्धिबळाच्या पटासारख्या चौकटीवर दोन प्रकारची नाणी मांडून. प्रत्येक नाण्याची अट एवढीच की शेजाऱ्यांत थोडे तरी आपल्यासारखे असावेत. सगळे आपल्यासारखेच हवेत, असं कुणीही म्हणत नाही. ज्याचं समाधान नाही ते नाणं रिकाम्या घरात हलवायचं. थोड्याच वेळात पटावर एका बाजूला एक जात, दुसऱ्या बाजूला दुसरी. इतकं विभागलेलं कुणालाच नको होतं. इमारतींच्या खाली भाड्याच्या घरासाठी आडनाव विचारताना मी ऐकलं आहे, विचारणारे माझे चांगले शेजारी आहेत, आणि मला तो पट दर वेळी आठवतो.

माझ्या हातून घडलेलं सांगायला हवं. २०१५ चा जुलै, धो धो पाऊस. कपड्यांना चिखल लागलेली एक बाई, बिगारी कामाला जाणारी, घमेल्यात ठेवलेली पिशवी घेऊन माझ्यासमोर उभी राहिली. तिने विचारलं, "ताई, कुठं उतरणार?" मी म्हटलं, नेरूळ. "दिली का कुणाला?" मी सीट कुणालाही दिलेली नव्हती. माझ्या शेजारी आमच्या ग्रुपमधली होती, तिची साडी नवी होती, आणि ती ओली, चिखलाची बाई तिला खेटून बसेल, एवढंच माझ्या डोक्यात आलं. मी म्हटलं, "हो, दिलीय." तिने मान हलवली, जशी सगळ्या हलवतात.

नेरूळला मी उठले. सीटवर बसायला कुणीच आलं नाही, कारण ती कुणाला दिलेलीच नव्हती. मला वाटलं, ती बसेल. प्लॅटफॉर्मवर उतरून मी खिडकीतून बघितलं. ती बसली नव्हती. जिला दिली आहे ती येईल, म्हणून ती सीटसमोर दांडीला धरून, जरा बाजूला सरकून उभी होती. येणाऱ्या बाईला बसायला जागा व्हावी म्हणून. गाडी हलली आणि ती रिकामी सीट आणि तिच्या बाजूला उभी असलेली ती बाई, दोघी माझ्या डोळ्यांसमोरून पुढे सरकल्या.

त्या दिवशी मी पायवाटेने गेले नाही, गवत वाढलेलं होतं. नकाशातल्या रस्त्याने भिजत गेले. डब्यातली ती सगळी रीत तिच्या त्या विश्वासावर उभी होती, आणि मी तिच्या सहा-सात शेजाऱ्यांपैकी एक होते. तेव्हापासून मी न दिलेली सीट दिली म्हणून सांगितलेली नाही. ग्रुपमध्ये यावरून दोनदा वाद झाला आहे. एक मैत्रीण महिनाभर बोलत नव्हती.

२०२० च्या मार्चात गाड्या बंद झाल्या. २१ ऑक्टोबरपासून बायकांना ठरावीक वेळात प्रवासाची परवानगी मिळाली, पण मला स्वतःला पुन्हा रोज जायला २०२१ ची दिवाळी उजाडली. डब्यात शिरले तर अर्धे चेहरे नवे, आणि जे ओळखीचे तेही मास्कच्या आड. गर्दी पूर्वीइतकी नव्हती, पण उभ्या बायका होत्या. कुणी काही विचारत नव्हतं. तोंड उघडायचीच भीती होती. सीट रिकामी झाली की जवळची बसायची, आणि दोनदा त्यावरून धुसफूस झालेली मी पाहिली. मला वाटलं, गेली ती रीत, पावसात वाट जावी तशी.

आजी सांगायची, तिच्या माहेरी खडीसाखर घरी करायचे. दाट पाक करून तो न हलवता ठेवायचा आणि त्यात दोरा सोडायचा. पाकात साखर मावेल त्याहून जास्त असते, पण ती आपली आपण चटकन खडा होत नाही. तिला धरायला काहीतरी लागतं. दोऱ्याच्या तंतूला पहिला कण चिकटतो, त्याला दुसरा, आणि काही दिवसांनी दोरा खड्यांनी भरून जातो. त्या डब्यातही पाक दाट होता, जुन्या बायकांच्या अंगात रीत मुरलेली होती. एका सोमवारी ऐरोलीच्या आधी मागून एक घोगरा आवाज आला, मास्कमधून, "कुठे उतरणार ओ?" आणि तीन-चार बायका एकदम हसल्या. हसताना डोळ्यांभोवती सुरकुत्या पडतात, त्यावरून मला कळलं. दोन आठवड्यांत नव्या मुलीही विचारत होत्या.

आता तर त्यात भर पडली आहे. २०२४ च्या जानेवारीत ठाणे आणि ऐरोलीच्या मध्ये दिघा गाव स्टेशन सुरू झालं. इतकी वर्षं सकाळच्या गाडीत पहिलं उत्तर ऐरोली असायचं. ऐरोलीवाली सापडली की उभी राहणारीचं नशीब उघडलं, कारण पुढचा सगळा प्रवास बसून. स्टेशन उघडल्यानंतरच्या काही दिवसांतली गोष्ट. गाडी सुटली आणि कॉलेजच्या वयाच्या एका मुलीने समोरच्या काकूंना विचारलं.

"दिघा," काकू म्हणाल्या.

आमच्या कप्प्यातल्या सगळ्या बायकांनी माना वर केल्या. दिघा म्हणजे पहिलंच स्टेशन. मुलगी आनंदाने काही बोलणार, तोच तिच्या मागून, दांडीला लोंबकळणाऱ्या हातांच्या खालून, एक बाई वाकली.

"हिच्यानंतर कोण? मला सांगून ठेवा. तू कुठे उतरणार गं?"